जागल

गेल्या वर्षीची कोजागरीची रात्र. नांदेडला आमच्या घराच्या गच्चीवर दूध आटत होते, सौभाग्यवती त्यात चारोळी टाकत होती आणि मी पळी फिरवीत कॉलेजातल्या गमती सांगत होतो. बोलता बोलता स्टाफरूममधला त्या दिवशीचा किस्सा निघाला. एका सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याच्या आडनावावरून विनोद केला होता. मुलगा दाराशीच हजेरीचा कागद घेऊन उभा होता. सारे हसले.

"आणि तुम्ही?" कन्येने विचारले. ती यंदा कॉलेजात गेली आहे, त्यामुळे तिच्या प्रश्नांना धार आली आहे.

"मीही हसलो. चारचौघांत काय करणार?"

"बाबा, तुम्ही अजिबात वोक नाही!"

एवढे बोलून ती पेला घेऊन कठड्यापाशी चंद्र बघायला निघून गेली. मी मात्र पळी हातात घेऊन तसाच बसलो. एखादा शब्द अंगावर आला की त्याची व्युत्पत्ती काढत बसायचे, ही मराठीच्या मास्तराची जुनी पळवाट. त्या रात्री मीही तीच धरली.

'वोक' म्हणजे 'वेक' या इंग्रजी क्रियापदाचा भूतकाळ. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला विशेषण म्हणून जागा नव्हती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी आपल्या बोलीत त्याला ती दिली. अलाबामात १९३१ साली नऊ काळ्या तरुणांना खोट्या आरोपाखाली पकडण्यात आले. त्यांच्यावर लेड बेली या गायकाने गाणे रचले आणि १९३८ च्या सुमारास ते गाऊन झाल्यावर त्या बाजूला जाणाऱ्यांना त्याने जागे राहण्याचा सल्ला दिला. तो सल्ला तात्त्विक नव्हता. जीव वाचवायचा तर डोळे उघडे ठेवा, इतका साधा होता. १९६२ साली विल्यम मेल्विन केली या लेखकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये काळ्यांच्या बोलीवर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यातच हा शब्द होता. २०१४ नंतरच्या आंदोलनांनी तो जगभर नेला, २०१७ साली तो या अर्थाने ऑक्सफर्डच्या कोशात गेला, आणि पुढे थोड्याच वर्षांत लोक तो शिवीसारखा एकमेकांना मारू लागले. कोणी छातीवर बिल्ला म्हणून लावतो, कोणी दगड म्हणून फेकतो. शब्दांच्याही नशिबी काय काय असते!

पण मला मौज वाटली ती त्याच्या मुळाची. 'वेक' आणि पहारा या अर्थाचा 'वॉच' हे सख्खे भाऊ. लॅटिनमधून आलेला, जागरण या अर्थाचा 'व्हिजिल' आणि जोम या अर्थाचा 'व्हिगर' हे त्यांचे चुलत भाऊ. बळ या अर्थाचा आपला वेदांतला 'वाज' हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ याच कुळात बसवतात. आयर्लंडमध्ये मृताजवळ रात्रभर बसतात, त्यालाही 'वेक'च म्हणतात. म्हणजे या शब्दात नुसते डोळे उघडणे नाही. दुसऱ्या कोणासाठी डोळे उघडे ठेवणे आहे, आणि त्याला बळ लागते.

हे वाचताना मला आपला 'जागल' आठवला. शहरातल्या वाचकांना तो कदाचित परका वाटेल. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली की रात्री शेतावर राखणीला जातात, त्याला जागलीला जाणे म्हणतात. गावाची राखण करणारा तो जागल्या. माहूरच्या रेणुकेपुढे संबळाच्या तालावर रात्र काढतात तो जागर. आणि कोजागरीला लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागे आहे? आपल्या भाषेत जागे होणे एका क्षणाचे, जागे राहणे रात्रभराचे.

ते रात्रभराचे जागणे मी लहानपणी लातूरला पाहिले. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना धरणी हलली. किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली, माळवदाच्या ओझ्याखाली झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आमचे घर उभे राहिले, पण त्यात झोपायची कोणाची छाती होईना. धक्के अधूनमधून बसतच होते. कित्येक आठवडे सारी गल्ली उघड्यावर निजत होती.

आम्ही पोरे दिवसभर हुंदडून पडल्या पडल्या झोपत असू. एकदा मध्यरात्री मला जाग आली. आजी अंथरुणावर बसली होती. एक तळहात जमिनीवर टेकलेला, जणू जमिनीची नाडी बघत होती.

"आजी, झोपली नाहीस?"

"तू नीज रे बाळा. मी हाय जागी."

मी निजलो. ती किती रात्री अशी बसली, कोण जाणे. महिन्याभराने कोजागरी आली, तेव्हा आमच्या गल्लीत लक्ष्मीला विचारावे लागले नसते.

गच्चीवर हे सारे आठवले आणि माझी पळवाट तिथेच संपली. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपण म्हणतो. स्टाफरूममध्ये मी झोपलेला नव्हतो. तो विनोद कोणाला बोचला, हे मला हसतानाच कळले होते. दाराशी त्या मुलाने कागदावर मान खाली घातली, तीही मी पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यांना एकटे गाठले. "सर, कालचं बरं नव्हतं. मीही हसलो, ते त्याहून वाईट," एवढेच म्हणालो. आवाज कापत होता. ते चिडले. "तुम्ही कधीपासून समाजसुधारक झालात?" म्हणाले. पुढचे आठ-दहा दिवस मधल्या सुट्टीतला चहा मी एकट्यानेच घेतला. नंतर ते पुन्हा बोलू लागले. आडनावांचे विनोद मात्र माझ्यासमोर तरी झाले नाहीत.

कन्येला मी हे सांगितले नाही. सांगितले असते तर तो पुन्हा बिल्लाच झाला असता. त्या मुलालाही यातले काही ठाऊक नाही. तो वर्गात तिसऱ्या बाकावर बसतो आणि दुपारच्या तासाला कधी कधी पेंगतो.

मी त्याला उठवत नाही.