बोरिवलीच्या जरा पुढे

डिसेंबर आला की आमच्या कॉलेज ग्रुपचं गेट-टुगेदर ठरलेलं. आणि त्यातला विषयही ठरलेला. वर्षभरात कोण कुठे फिरून आलं? यंदा एकीने व्हिएतनाम केलं, एकाने स्पितीत बाइक चालवली आणि बालीला गेलेला तिसरा अजून बालीतच आहे असं त्याच्या शर्टावरून वाटत होतं. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. म्हणजे ग्रुपच्या मते, फिरायचे पैसे मिळणारी बाई!

''बोल, तू कुठे कुठे गेलीस?''

''भाईंदर.''

''अगं, तिथे तर तू राहतेस ना?''

''हो. पण कधी गेले नव्हते.''

सगळे हसले. पण मी जोक केला नव्हता.

खरं सांगायचं तर भाईंदर हे नाव घ्यायलाच मला कित्येक वर्षं जीभ रेटायची नाही. मास कॉमला असताना कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, ''बोरिवलीच्या जरा पुढे.'' कारण भाईंदर म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. तिकडे रेंज येते का? विरार फास्टमध्ये तुम्हाला उतरू देतात का? (नाही देत. म्हणून त्यात चढायचंच नसतं!) आठ लाखांच्या वर लोक राहतात इथे, तेही २०११च्या जनगणनेत. २००२पासून आमची स्वतःची महानगरपालिका आहे. पण मुंबईच्या मनात आम्ही कायम 'जरा पुढे'च.

सात-बाराचा उतारा

तर झालं असं. २०२५च्या सुरुवातीला आमच्या चौघांचा स्पितीचा प्लॅन पक्का होता. मग एकीचं लग्न ठरलं, एकाची रजा नामंजूर झाली आणि माझे दोन स्टोऱ्यांचे चेक 'प्रोसेसमध्ये' गेले ते गेलेच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेवटी उरले फक्त गुड मॉर्निंगचे मेसेज.

त्याच महिन्यात बाबा रिटायर झाले. गिरगावातली चाळ सोडून १९९३ साली ते भाईंदरला आले, कारण तेवढ्या पैशात स्वतःचं घर इथेच मिळत होतं. तेव्हापासून बत्तीस वर्षं ७.१२ची लोकल, चर्चगेट आणि रात्री साडेआठला घरी. रविवारी झोप. ती ७.१२ हाच त्यांचा सातबारा!

रिटायर झाल्यावर पहिल्याच सोमवारी ते पाचला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेर पडले. तासाभराने परत आले. ''ग्रुपला भेटून आलो,'' म्हणाले. म्हणजे प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्यांनी ७.१२ सोडून दिली होती. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारीही. आई काही बोलली नाही, पण डबा भरायचा नाही हे तिलाही आठवून आठवून लक्षात ठेवावं लागत होतं.

शुक्रवारी मी सहज विचारलं, ''बाबा, तुम्ही उत्तन पाहिलंय?''

''नाही गं. वेळ कुठे होता?''

मीही फक्त नाव ऐकून होते. मग त्याच टेबलावर डील झाली. महिन्यातून एक दिवस, आम्ही दोघं. भाईंदर स्टेशनवरून निघायचं आणि रात्री जेवायला घरी. बजेट, माझे चेक येईपर्यंत बाबांचं!

फेब्रुवारी : उत्तन

स्टेशनच्या पश्चिमेहून बस सुटते. दहा मिनिटांत टॉवर मागे पडतात आणि मुर्धे, राई, मोर्वा ही गावं लागतात. डोंगरी मागे टाकून बस उत्तनला पोहोचली की आधी वास येतो, मग समुद्र दिसतो. किनाऱ्यावर बांबू बांधून दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर हजारो बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले.

मी एका मावशींना झोकात विचारलं, ''आण्टी, ये कैसे दिया?''

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ''मराठी येत नाय का गो तुला?''

बाबा इतके हसले की त्यांना बाजूच्या होडीला टेकावं लागलं. गळ्यात क्रॉस दिसला म्हणून मी हिंदीत सुरुवात केली होती. उत्तनच्या कोळ्यांत ख्रिस्ती कुटुंबं कितीतरी पिढ्यांची आहेत, आणि घरात, बाजारात, होडीवर भाषा मराठीच. या पट्ट्यातले आणि मुंबईतले मूळचे ख्रिस्ती स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. मला हे कळलं अठ्ठाविसाव्या वर्षी, घरापासून एका बसच्या अंतरावर.

बोंबील घेतले. आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक शेजारी जैन, त्यामुळे ते तीन पिशव्यांत गुंडाळून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून लिफ्टमधून वर नेले. कोथिंबिरीचा काही उपयोग झाला नाही. चौथ्या मजल्यावरच्या काकी फक्त म्हणाल्या, ''उत्तन गेलेले वाटतं!''

मार्च : चौक

त्याच रस्त्याच्या टोकाला चौक हे गाव. इथे टेकाडावर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. हो, धारावी! एका मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय आला, ''झोपडपट्टीत किल्ला?'' बाई गं, हे धारावी बेट. मनोरी, गोराईपासून उत्तन, चौकपर्यंतच्या पट्ट्याचं हे जुनं नाव.

वर चढलो आणि बाबा एकदम गप्प झाले. समोर खाडीचं तोंड, आणि पलीकडे वसईचा किल्ला. इतका जवळ, की वाटावं हाक मारली तर ऐकू जाईल.

शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी चिमाजी अप्पांची वसईची मोहीम पाठ केलेली असते. १५३४पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेली वसई मराठ्यांनी मे १७३९मध्ये घेतली. पण त्याआधी, मार्चमध्ये, त्यांनी धारावी जिंकलं होतं. का, ते इथे उभं राहिलं की पुस्तकाशिवाय कळतं. वसईला समुद्रातून येणारी रसद याच खाडीच्या तोंडातून आत जायची. धारावी ज्याच्या हातात, त्याच्या हातात वसईचा दरवाजा!

''पेपरात मला या मोहिमेला आठपैकी सात मिळाले होते,'' बाबा म्हणाले. ''पण हे आपल्या बसच्या शेवटच्या स्टॉपवरून दिसतं, हे कुणी सांगितलं नाही.''

मे : पंधरा मिनिटांची होडी

एप्रिलमध्ये घोडबंदरचा किल्ला झाला. मेमध्ये ठरवलं, आता पलीकडे जायचं. फेब्रुवारी २०२४मध्ये भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली आहे. रस्त्याने जायचं तर घोडबंदरच्या पुलावरून तीस किलोमीटरहून मोठा वळसा. बोटीने साधारण पंधरा मिनिटं. रिक्षा, बाइक, कार, भाजीच्या टोपल्या आणि आम्ही.

बसायला जागा होती. तरी बाबा अख्खा वेळ रेलिंग धरून, पाय थोडे फाकवून उभेच होते. ''सवय गं,'' म्हणाले. बत्तीस वर्षं लोकलमध्ये ज्या पोझमध्ये उभे राहिले, ती तशीच. फरक इतकाच की या वेळी तोंडावर वारा होता आणि समोर कुणाची पाठ नव्हती.

वसईचा किल्ला धक्क्याला लागूनच आहे. छप्पर नसलेली चर्चं, वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती आणि प्री-वेडिंग शूट करणारी जोडपी. किल्ल्यातलं एक चर्च गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. वसईत जन्मलेला हा मुलगा सोळाव्या शतकात जपानपर्यंत पोहोचला. १५९७मध्ये नागासाकीत त्याला क्रूसावर मारलं आणि १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. मी मात्र वसईत पोहोचायला अठ्ठावीस वर्षं घेतली.

आणि 'थर्टीफर्स्ट'वाल्यांसाठी एक माहिती. ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. पेशवाईच्या स्वातंत्र्याचं ते खरंखुरं इयर-एण्ड! जिथे एका पेशव्याच्या भावाने विजय मिळवला, तिथेच त्रेसष्ट वर्षांनी दुसऱ्या पेशव्याने सही केली. ही चर्चा करत बसलो आणि बोट चुकली. वसई रोडहून लोकलने घरी आलो, तर आई जेवण झाकून बसलेली. नियम मोडला म्हणून दोघांनाही झापलं.

ऑगस्ट : नाशिकची घंटा

पावसात बेटं बंद. ऑगस्टमध्ये एका स्टोरीसाठी मी एकटीच नाशिकला गेले. काम संपवून पंचवटीत नारोशंकराच्या देवळाशी आले. या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे. भलीमोठी आणि तिच्यावर १७२१ हे साल. ती वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज चर्चची घंटा असल्याचं सांगतात. भीमाशंकर आणि मेणवलीतल्या घंटांचीही हीच गोष्ट.

आधी नाशिकला मी चारदा तरी आले असेन. घंटा पाहिलीही असेल. पण या वेळी मला ती आमच्या खाडीपलीकडून आलेली पाहुणी वाटली. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, ''आपली आहे ती.'' पुढे दोन मिनिटांनी, ''म्हणजे तशी आपली नाही.''

नोव्हेंबर : पाणजू

हे मला लिहायचं नव्हतं. पण हिशेब द्यायचा तर पूर्ण द्यावा.

भाईंदरहून नायगावकडे गाडी निघाली की खाडीवरचा पूल येतो. त्या पुलांच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी पाणी असलेलं, पाणजू नावाचं बेट आहे. त्यावर गाव आहे. मी लहान असताना गणपतीनंतर आत्याकडे विरारला जाताना आजी माझ्या हातात निर्माल्याची पिशवी द्यायची. पूल आला की डब्यातल्या बायका म्हणायच्या, ''टाक टाक, पाणी आलं!'' मी खिडकीतून पिशवी भिरकवायचे आणि नमस्कार करायचे. कधी त्यात नारळही असायचा. खाली गाव आहे, हे डब्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. किंवा असेलही.

२०२५च्या सप्टेंबरमध्ये त्या पुलावरून चालत जाणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाचा, धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागून मृत्यू झाला. बेटावरचे लोक होडी नसली की पुलाच्या कडेने चालत ये-जा करतात.

ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. नोव्हेंबरमध्ये बाबा म्हणाले, ''जाऊन येऊ.'' नायगावहून होडीने पोहोचलो. गाव शांत. अंगणात जाळी, दारात तुळस, आणि दर थोड्या वेळाने डोक्यावरून गाडीचा धडधडाट. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी पाणी विचारलं. आम्ही भाईंदरचे म्हटल्यावर म्हणाले, ''म्हणजे शेजारीच की.''

मी त्यांना सांगितलं, ''लहानपणी मीही टाकायचे.''

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''आता सांग लोकांना.''

म्हणून सांगतेय. तुमच्यापैकी कुणी विरारच्या गाडीत असाल आणि शेजारच्या काकूंच्या हातात पिशवी दिसली, तर प्लीज एवढंच म्हणा, खाली माणसं राहतात.

डिसेंबर

तर हे माझं वर्ष. पासपोर्टवर शिक्का नाही, पण फोनमध्ये चारशे फोटो आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत बाबा रेलिंग, खांब किंवा बुरूज धरून उभे आहेत. स्पितीला मी जाणारच आहे. (चेक आले की!) पण गेट-टुगेदरला एका नव्या मुलीने 'कुठे राहतेस?' विचारलं, तेव्हा मी 'भाईंदर' म्हणाले आणि पुढे काहीच जोडलं नाही.

बाबा अजूनही पाचला उठतात. पण ७.१२ सोडायला जात नाहीत. परवा पेपरातलं एक कात्रण माझ्या लॅपटॉपवर ठेवलेलं दिसलं. विरारच्या मारंबळपाड्याहून जलसारला, म्हणजे सफाळ्याच्या बाजूला, २०२५च्या एप्रिलपासून रो-रो जाते, अशी बातमी. कडेला पेनाने लिहिलं होतं, 'जानेवारी?'

आणि खाली बारीक अक्षरात, 'आईलाही विचार.'

तुम्हालाही जायचंय?

* उत्तन, चौक : भाईंदर स्टेशन (पश्चिम) येथून महापालिकेची बस. सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन कडक असतं. वाळत घातलेल्या मासळीचे फोटो काढण्याआधी विचारा, ते कुणाचं तरी दुकान आहे.
* वसई : भाईंदरहून रो-रो. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून घ्या. आमच्यासारखं इतिहासात रमू नका! चुकलीच तर वसई रोड स्टेशनहून लोकल आहे.
* पाणजू : नायगावहून होडी. हा पिकनिक स्पॉट नाही, गाव आहे. पाहुण्यासारखे जा आणि कचरा परत आणा.