मीठ कुठंय?

हातात मासा ठेवला म्हणाले, आणि निघालं लाकूड! दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर चक्क खणखण वाजले. जपानच्या दक्षिणेला, कागोशिमा प्रांतातल्या माकुराझाकी बंदरात मी उभी होते. जन्म सुक्या बोंबलाच्या वासात गेलेला, तरी मासा असा वाजतो हे पहिल्यांदाच ऐकत होते!

ही कात्सुओबुशी. स्किपजॅक टूना उकडायचा, काटे काढायचे, लाकडाच्या धुरावर पुन्हा पुन्हा धरायचा, मग मुद्दाम बुरशी चढवून उन्हात वाळवायचा. महिनोन्‌महिने! आणि किसायचा कशावर? सुताराच्या रंध्यावर! गुलाबीसर, कागदासारख्या पातळ चकत्या निघतात. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ भिजवून तापवलेल्या पाण्यात त्या टाकायच्या आणि गाळायचं. झाली दाशी.

पहिला घोट घेतला आणि विचारलं, ‘मीठ किती घातलंत?’

घातलंच नव्हतं!

मग वाचत सुटले. टोकियोत रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबूतलं ग्लुटामेट शोधलं, त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती बेरजेनं नाही, पटींनी वाढते. म्हणून कमी मिठातही जेवण अळणी लागत नाही. रक्तदाबवाल्यांनो, ऐकताय ना?

माशांतलं ओमेगा-३ तेल मात्र इथे शोधू नका. कात्सुओबुशीला कमी चरबीचाच मासा लागतो. ते तेल सकाळच्या ताटात भेटलं: भाजलेला साबा, म्हणजे बांगड्याचा भाऊबंद! चाळीस हजारांहून अधिक जपानी माणसांच्या पाहणीत (२००६) आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्यांपेक्षा आठ वेळा खाणाऱ्यांत हृदयधमन्यांचे विकार सुमारे ३७ टक्के कमी दिसले. शिरासू नावाचे मासे तर इतके चिमुकले, की काट्यांसकट पोटात. कॅल्शियम आपसूक!

पण भुलून जाऊ नका. याच ताटात खारट मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण), सोया सॉस, लोणचंही असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, जपानी माणूस त्याच्या जवळपास दुप्पट खातो. खूप खारवलेल्या मासळीचा पोटाच्या कर्करोगाशी संबंधही आढळला आहे.

तेव्हा दाशी घ्या, सोया सॉसची बाटली लांब ठेवा. आणि जपान लांब वाटत असेल, तर बाजारात तारली-बांगडा आहेच. फक्त तळू नका, भाजा.