दाट रंग

बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीत शिरेतून हिरवा रंग सोडला, तेव्हा मी शेजारीच उभी होते. इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत 1959 पासून मान्यता असलेला हा रंग यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. पुढे पीएचडीला तोच माझ्या वाट्याला आला. पहिली कुपी उघडताना बाबांचा सुई टोचलेला हात आठवला.

या रंगाचा सुटा रेणू पाण्यात 780 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतो, पण उजेडात तग धरत नाही. खिडकीपाशी विसरलेली माझी एक बाटली फिकट पडून गेली होती. हेच रेणू सरकवलेल्या पत्त्यांसारखे एकमेकांवर तिरपे बसले की शोषण 895 वर जातं आणि रंग टिकतो. या रचनेला जे-अ‍ॅग्रिगेट म्हणतात. जे म्हणजे जेली, 1936 साली दुसऱ्या एका रंगात हे नोंदवणारे. गोंद नको, साचा नको. पाणी, रंग आणि 65 अंशांची ऊब, वीसेक तास.

तीनदा केलं. तिन्ही वेळा आलेख 780 वरून हलेना. रंग महाग, म्हणून मी हात आखडून द्रावण पातळ करत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "अगं, गर्दीच नसेल तर ते एकमेकांना भेटणार कसे?"

चौथ्यांदा मिलीलिटरला मिलीग्रॅमहून थोडा जास्तच रंग घातला. शाईसारखं दाट झालं. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मोजण्यापुरता थेंब पाण्यात टाकला. रेघ 780 ओलांडून गेली आणि 895 वर सुईसारखी उभी राहिली. मी मॅडमना हाकच मारली.

हे पुंजके शोषलेला प्रकाश चमकून परत देत नाहीत, त्याची उष्णता करतात. कर्करोगाच्या गाठीत साचवून त्यांवर लेसर सोडला तर तिथल्याच पेशी भाजाव्यात, अशी कल्पना. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मांसात बऱ्यापैकी खोल जातो. थर्मल कॅमेऱ्यात माझी ट्यूब पिवळी, मग पांढरी झाली; शेजारची साध्या पाण्याची निळीच राहिली.

परवा मावशीचा फोन आला. शेजारच्या काकूंना गाठ निघाली आहे, "तुझं ते प्रकाशाचं औषध मिळेल का गं?" घसा दाटून आला. माझ्याकडे आहे ती फक्त काचेतली ट्यूब. रुग्णापर्यंत जायला तिला अजून बराच पल्ला आहे. म्हणून मावशीला सांगितलं तेच तुम्हालाही सांगते: आमच्यासाठी थांबू नका, डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.