पाच एप्रिल की चार मे?

मुंबई-अहमदाबाद हायवेवर महाराष्ट्राचा शेवटचा नाका अच्छाडचा. पलीकडे भिलाड, मग वापी. नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसू लागले, तेव्हा डेटाबेस हा शब्द मी फक्त ऐकला होता. काम एकच होतं: कोणत्या गाडीच्या ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाची, मुदत आज संपते, ते रोज सकाळी शेठना सांगायचं.

ही मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते आणि मध्यरात्री संपते. १४ मार्चला काढलेल्या बिलाचा पहिला दिवस १५ मार्चच्या मध्यरात्री पुरा होतो. मुदतवाढ हवी असेल तर संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढीच सवड. ती हुकली आणि गाडी अडवली, तर कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. शिवाय कागद सुटेपर्यंत ड्रायव्हर तिथेच, गाडीतच. म्हणून ही यादी खरी असणं मला फार महत्त्वाचं वाटत होतं.

१५ मार्च २०२४ ला ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममधली, यादी काढून देणारी तयार क्वेरी चालवली. अट साधी: मुदत बरोबर आजची तारीख. यादी कोरी आली. टेबल उघडलं, तर १५/०३/२०२४ लिहिलेल्या ओळी डोळ्यांसमोर! बरोबरचं चिन्ह लावूनही बरोबर का येत नाही, ते मला काही केल्या कळेना.

आमच्याकडे कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या उंबरगावच्या काकांनी त्या रकान्याचा फॉरमॅट काढून साधा आकडा दाखवला: ४५३६६.९९९३. ॲक्सेस तारीख अशीच साठवतो. ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस टिंबाच्या आधी, दिवसातली वेळ टिंबानंतर. आजची तारीख म्हणजे नुसते ४५३६६, दिवस सुरू होतानाचे शून्य वाजलेले. बिलाची मुदत रात्री ११.५९ ची. दोन्ही सारखे होणारच नव्हते, आणि वेळ फॉरमॅटमागे लपलेली. काका म्हणाले, “तारखेला बरोबरचं चिन्ह लावू नकोस, पोरी. आजपासून पुढे आणि उद्याच्या आत, असं लिही.” महिन्याच्या हिशेबातही तेच. १ ते ३१ मार्च ‘बिट्वीन’ने मागितलं की ३१ तारखेच्या दिवसभरातल्या नोंदी गळतात, १ मार्चपासून १ एप्रिलच्या आत म्हटलं की सगळ्या येतात.

मार्च नीट गेला. एप्रिल लागला आणि यादी पुन्हा बिघडली, तीही विचित्र रीतीने. ५ एप्रिलला यादी चुकीची, १० ला चुकीची, १३ ला कोणी हात न लावता बरोबर. १३ ला काय बदललं, याचा मी घरी गेल्यावरही विचार करत राहिले. पहिल्या पंधरवड्यात गाड्यांची गर्दी असते म्हणून असेल, असंही मनात येऊन गेलं.

कारण क्वेरीच्या मजकुरात होतं. बटण दाबलं की आजची तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये चिकटवली जायची. तिथे ॲक्सेस तारीख अमेरिकी रीतीने वाचतो, आधी महिना, मग दिवस. कॉम्प्युटरची सेटिंग भारतीय असली तरी. त्यामुळे ०५/०४/२०२४ म्हणजे त्याच्या लेखी ४ मे. १३ वा महिना नसतो, म्हणून १३/०४ आलं की तो गुपचूप आपल्या रीतीने वाचतो. एखादी चूक दिसली असती तर बरं. पण तो काहीच तक्रार करत नाही. आता आम्ही वर्ष-महिना-दिवस असं लिहितो. ती तारीख दोन प्रकारे वाचता येत नाही.

छोट्या ऑफिसांत अशी तयार क्वेरी वर्षानुवर्षं चालते. तुमच्याकडे असेल, तर ती महिन्याच्या पहिल्या बारा तारखांत तपासा, आणि १५ किंवा २० तारखेला बरोबर आली म्हणून तिच्यावर विसंबू नका.