मामांची गाडी

बेंगळुरूच्या एनजीईएफ कारखान्यात नोकरी केलेले माझे मामा २००९ साली माझ्याबरोबर कोलकात्याला आले, ते कालीमातेपेक्षा मेट्रोच्या दर्शनाला. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी सुरू झालेल्या देशातल्या या पहिल्या भुयारी रेल्वेचे डबे चेन्नईचे, विजेची यंत्रणा मात्र मामांच्या कारखान्याची. डब्यात उकाडा आणि कान किटवणारा खडखडाट! ‘नम्म गाडी कणो!’ मामा माझ्या कानाशी ओरडत होते.

त्या जुन्या गाड्या बरोबर ३७ वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबल्या. कारखाना तर त्याआधीच बंद पडला होता.

यंदा पुन्हा गेलो. चीनमधल्या दालियनच्या नव्या गाडीत बसलो. ही २०२३ पासून धावते. गारवा छान, दरवाजे ऐसपैस. खरं सांगायचं तर सुखच. एस्प्लनेडला वर येऊन मामांना फोन लावला.

‘सुटताना धक्का बसतो काय रे?’

‘नाही, मामा.’

‘आमच्या गाडीत बसायचा,’ मामा म्हणाले.