तीन बोटं

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली जे सरकतं, तो जबड्याचा सांधा. रमजान आठ दिवसांवर असताना माझा डावा सांधा सुजला. वर्गात 'आलिफ मद आ' म्हणायचं आणि 'आ'लाच तोंड उघडेना!

दुखणं कानापाशी, म्हणून अम्मींनी लसणाचं तेल गरम करायला घेतलं. पिरंगुटच्या दंतवैद्य बाईंनी मात्र माझीच तीन बोटं जुळवून समोरच्या दातांमध्ये उभी धरायला सांगितली. जेमतेम दोन मावली. पहिला प्रश्न, "सुपारी, गुटखा?" मला हसू आलं, त्या हसल्या नाहीत. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तोंड हळूहळू मिटतं, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. आमच्या शाळेच्या कुंपणापाशी पुड्या रोज सापडतात.

माझं कारण वेगळं निघालं, झोपेत दात आवळणं. चावताना आणि गिळताना सोडून एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत, हे मला बीएड करूनही माहीत नव्हतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ 'न' म्हणताना टेकते तिथे. उर्दूवाल्यांनी 'नून' म्हणावं! दिवसातून दोनदा गरम फडक्याचा शेक, आंबेमोहोराची मऊ खिचडी, नळी आणि उसाचे करवे बंद, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. वेदनाशामक गोळी थोडेच दिवस, तीही जेवणानंतर. आजाऱ्याला रोजा पुढे भरून काढायची सवलत आहे, ती वापरायची वेळ आली नाही. चांद दिसेपर्यंत अडीच बोटं जाऊ लागली.

मग नववीच्या वर्गात सगळ्यांना तीन बोटं लावायला सांगितली. हशा पिकला. मागच्या बाकावरच्या एकाची दोनच गेली. दुखत नाही म्हणाला, फक्त सालन तिखट लागतं, तोंडाची आग होते. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. सुपारी सुटली तर आजार तिथेच थोपवता येऊ शकतो. कडक झालेला गाल पूर्वीसारखा होणं मात्र अवघड.

वडिलांना बोलावलं. त्यांच्या खिशातून पुडी डोकावत होती. मी म्हटलं, "भाई, आधी तुम्ही बोटं लावा." बराच वेळ ते पोराकडे बघत राहिले. सोमवारी दोघं पुण्याला दाखवायला जाणार आहेत. पहिल्या तासाची सुट्टी मी आत्ताच लिहून ठेवली आहे.