'हो' म्हणजे होतो की नव्हतो?

वीस वर्षं फौजदारी वकिली केली, उलटतपासात भल्याभल्यांना घाम फोडला, आणि आपल्याला साधा प्रश्न विचारता येत नाही हे मला परवा कळलं! अजून त्याच तंद्रीत आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या साक्षीदाराशी कसं बोलायचं, याचं वकील-पोलिसांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. गेलो होतो आठ्या घालूनच. शिकवायला विशेष शाळेतल्या एक बाई. त्यांनी मलाच उभं केलं. समोर त्यांचे सहकारी, साक्षीदाराच्या भूमिकेत.

मी नेहमीच्या ठसक्यात विचारलं, "तू तिथे नव्हतासच ना?"

"हो."

मी विजयी मुद्रेनं वळलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब, हो म्हणजे होतो की नव्हतो?"

अरेच्चा! असे किती 'हो' मी आजवर जबानीत चढवले असतील?

"शर्ट लाल होता ना?" हो. "निळा होता ना?" हो. हा खोटेपणा नव्हे. समोरच्याला बरं वाटावं, प्रश्न कळला नाही हे दिसू नये, म्हणून अशा साक्षीदारांतले कितीतरी जण मान डोलावतात. तोच प्रश्न पुन्हा आला की आपलं चुकलं असं वाटून उत्तर बदलतात. आणि आम्ही तर फिरवून फिरवून विचारण्याचीच फी घेतो!

मग बाईंनी करून दाखवलं. "काय झालं ते सांग." आणि गप्प. मला ती शांतता सोसवेना. "किती वाजता?" हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. "त्याच्या आधी काय करत होतास?" "डबा खात होतो." झालं, मधली सुट्टी! वेळ सापडली.

2013 च्या दुरुस्तीपासून लैंगिक अत्याचार झालेल्या अशा व्यक्तीची फिर्याद तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्यासमोर नोंदवायची असते. कलम मला पाठ होतं. ते विशेष शिक्षक नेमकं काय करतात, हे परवा पाहिलं. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मूकबधिर, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीची साक्षच झाली नव्हती. उच्च न्यायालयात आरोपी सुटला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हद्दीत अशा साक्षीदारांसाठी किमान दोन केंद्रं उभारायला सांगितलं.

खोली बांधता येईल हो, पण तिथे प्रश्न विचारणार आम्हीच ना?

वकीलमित्रांनो, पुढच्या वर्गाला याच. पहिल्या रांगेत जागा मी धरतो.